जीर्णोद्धारास वाहिलेले आयुष्य : युजेन व्हियोले-ल-द्युक

श्रींच्या देवालयाच्या सभामंडपाचे काम नव्याने हाती घ्यावयाचे महाजनांच्या सभेत ठरले आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी समितीच्या मंडळींनी प्रस्तुत लेखकास प्रेमाची आज्ञा केली. सारे आयुष्य कचेरीत कागद लावण्यात घालविलेल्या माणसाने देवळाच्या बांधकामावर काय लिहावे, असा प्रश्न प्रथम पडला. शिल्पशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एका थोर पुरुषाचे चरित्र सांगावयास तसा अधिकार लागत नाही. लिसेवात शिकत असताना फ्रेंच भाषेचा जो थोडाफार संस्कार झाला, त्याच्या आधारे निवृत्तीच्या काळात अभ्यासलेले हे चरित्र महाजन बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

चरित्रनायक परदेशी, परधर्मीय आणि हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेला. मग आपल्या स्मरणिकेत त्याचे नाव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जीर्णोद्धार करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे जगात सर्वत्र तेच दोन प्रश्न उभे राहतात. जुन्यातले काय ठेवावे आणि काय काढावे, हा पहिला. जे नवे घालावयाचे ते कशाच्या आधारे घालावे, हा दुसरा. या दोन प्रश्नांशी युजेन व्हियोले-ल-द्युक हे जवळजवळ चाळीस वर्षे झगडले. त्यांचे यश मोठे आणि त्यांच्या चुकाही मोठ्या. दोहोंपासून आपणांस शिकण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८१४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील राजवाड्यांच्या व्यवस्थेकडील अधिकारी होते आणि त्यांना ग्रंथांचा मोठा नाद होता. मातुल देलेक्लूझ हे चित्रकार व कलासमीक्षक. ते त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत आणि तेथे साहित्यिकांची व कलावंतांची बैठक भरत असे. मामांच्या देखरेखीखाली मुलाचा हात लहानपणीच चित्रकलेत तयार झाला. १८३० सालच्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा रस्त्यात अडथळे उभारणाऱ्यांत सामील होता. १८३२ साली पटकीच्या साथीत मातेचे छत्र हरपले.

त्या काळी फ्रान्समध्ये स्थापत्यविशारद होऊ इच्छिणाऱ्या तरुणास एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेवाचून दुसरा मार्ग नव्हता. तेथे ग्रीक व रोमन वास्तूंचे पाठ गिरवून घेतले जात. मध्ययुगातील फ्रेंच चर्चे व किल्ले यांना तेथे रानटी काळातील बांधकाम समजत. युजेन यांनी त्या शाळेत जाण्याचे साफ नाकारले. एका साच्यातून सगळ्यांना काढणारी ती शाळा आपल्याला नको, असे त्यांचे मत होते. ते पाठीवर पिशवी व हाती चित्रवही घेऊन गावोगाव हिंडले. पडकी चर्चे, किल्ले, जुनी घरे, दाराच्या कड्या, छपराचे वासे, जे दिसेल ते त्यांनी मोजले व रेखाटले. १८३४ साली विवाह झाला आणि १८३६-३७ मध्ये त्यांनी इटलीचा दीर्घ प्रवास केला. पदवी नाही, प्रशस्तिपत्र नाही. हीच त्यांची शाळा.

त्यांच्या देशातील जुन्या वास्तूंची तेव्हाची अवस्था आपणांस परकी वाटणार नाही. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली होती. कित्येक मठ विकले गेले आणि घेणाऱ्यांनी त्यांचा दगड काढून विकला. कोठे गोदाम झाले, कोठे तबेला. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगो यांची पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि सुशिक्षित लोकांस आपल्या पूर्वजांच्या कारागिरीची प्रथमच लाज वाटेनाशी झाली. त्याआधी एक वर्ष, १८३० साली, फ्रेंच सरकारने ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक हे पद निर्माण केले होते. १८३४ पासून या पदावर प्रॉस्पेर मेरिमे हे होते. पुढे कार्मेन या कथेमुळे जगप्रसिद्ध झालेले लेखक ते हेच. मेरिमे देशभर फिरत, पडझड पाहत आणि सरकारकडे अहवाल पाठवीत. देलेक्लूझ यांच्या बैठकीत त्यांचेही येणेजाणे असे. घरातल्या त्या अबोल, सदा रेखाटत बसणाऱ्या भाच्याची योग्यता त्यांनी ओळखली.

बर्गंडी प्रांतात व्हेझले येथे एका टेकडीवर बाराव्या शतकातील मोठे मठ-चर्च आहे. सोळाव्या शतकातील धर्मयुद्धांत ते लुटले गेले होते आणि १८१९ साली वीज पडून त्याच्या मनोऱ्याचा भाग जळाला होता. मेरिमे १८३४ साली तेथे गेले, तेव्हा आत बसून रेखाटन करीत असता आजूबाजूस छताचे बारीक दगड गळत असल्याचे त्यांच्या कानी पडत होते. भिंती बाहेरच्या बाजूस झुकल्या होत्या, छताच्या कमानी बसक्या झाल्या होत्या आणि भिंतींना बाहेरून टेकू देणारे कमानीचे धिरे निकामी झाले होते. नावाजलेले स्थापत्यविशारद ते काम अंगावर घ्यावयास कचरत होते. १८४० साली मेरिमे यांच्या शिफारशीवरून ते सव्वीस वर्षांच्या या तरुणाकडे सोपविण्यात आले. तोवर त्यांनी स्वतंत्रपणे एकाही मोठ्या वास्तूची दुरुस्ती केली नव्हती.

येथे त्यांची कामाची रीत प्रथम दिसून आली. दगड हलविण्यापूर्वी त्यांनी संपूर्ण वास्तूचे मोजमाप घेतले, तिचे नकाशे काढले आणि कोणता भार कोठून कोठे उतरतो याचा छडा लावला. मग परांच्या बांधून छताला खालून लाकडी आधार दिले, बाहेरचे धिरे नव्याने योग्य जागी उभारले आणि छताचे जे भाग वाचण्यासारखे नव्हते ते हलक्या दगडात पुन्हा बांधले. काम १८५९ पर्यंत चालले. ज्या छतातून दगड गळत होते ते आजही उभे आहे आणि १९७९ साली युनेस्कोने व्हेझलेचा समावेश जागतिक वारशात केला. झिजलेली जी स्तंभशीर्षे त्यांना बदलावी लागली, त्यांची हुबेहूब नक्कल करून नवी बसविली. जुनी मात्र फेकून न देता जपून ठेविली. ती आज तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. मात्र एक गोष्ट येथेही नमूद केली पाहिजे. छताचे काही गाळे पुढील काळात वेगळ्या शैलीत बांधले गेले होते. सगळे एकसारखे दिसावे म्हणून त्यांनी ते जुन्या शैलीत बदलून टाकले. वास्तू वाचविण्यासाठी याची गरज नव्हती. त्यांच्या पुढील आयुष्यातील वादाचे बीज येथेच पडले.

व्हेझलेच्या यशानंतर कामे चालून येऊ लागली. पॅरिसच्या सेंत-शापेल या राजकुलाच्या प्रार्थनामंदिराच्या दुरुस्तीत त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. १८४६ साली सें-दनी येथील चर्च त्यांच्या हाती आले. तेथे त्यांच्या अगोदरच्या स्थापत्यविशारदाने वीज पडून खचलेला उत्तर मनोरा पुन्हा बांधला होता. पण वरचा नवा भार खालच्या जुन्या भिंतींना पेलला नाही. भेगा पडल्या, १८४५ च्या वादळाने त्यात भर घातली आणि शेवटी तो मनोरा उतरवावा लागला. जुन्या पायावर नवा भार चढविताना खालच्या भिंतीस विचारावे लागते, हा धडा त्या प्रसंगाने साऱ्या देशास मिळाला.

१८४४ साली नोत्र दामच्या जीर्णोद्धारासाठी स्थापत्यविशारदांची स्पर्धा झाली. तीत झां-बाप्तिस्त लास्यूस व व्हियोले-ल-द्युक यांच्या जोडीची निवड झाली. १८४५ साली त्यासाठी साडेसव्वीस लक्ष फ्रँक मंजूर झाले. पुढे तेही अपुरे पडून पुन्हा पुन्हा मागणी करावी लागली.

त्या महान वास्तूची हानी शत्रूने किंवा क्रांतिकारकांनीच केली होती असे नाही. अठराव्या शतकात तेथील धर्माधिकाऱ्यांनी स्वतःच अंधार होतो म्हणून मध्ययुगीन रंगीत काचा काढून साध्या काचा बसविल्या होत्या आणि आतील भिंतींना सफेती फासली होती. मिरवणुकीचे छत्र दारातून नीट जात नाही म्हणून १७७१ साली मुख्य द्वाराचा मधला कोरीव खांब काढून वरचे शिल्प कापले होते. छपरावरचे जुने लाकडी शिखर डळमळू लागल्यावर त्या शतकाच्या अखेरीस ते उतरविण्यात आले. हे सारे भक्तांनी, सोयीसाठी आणि चांगल्या हेतूने केले. यावर क्रांतीचा घाला आला. दर्शनी भागावर बायबलातील अठ्ठावीस राजांचे पुतळे होते. ते फ्रान्सचेच राजे आहेत असे समजून १७९३ साली लोकांनी ते खाली ओढून त्यांची मुंडकी उडविली.

दोघा मित्रांनी काम आरंभिले. १८५७ साली लास्यूस निवर्तले आणि सर्व जबाबदारी एकट्या व्हियोले-ल-द्युक यांच्यावर आली. १८४४ पासून १८६५ पर्यंत कामाची रोजनिशी ठेवली गेली. कोणता दगड कोठल्या खाणीतून आला, कोणत्या दिवशी कोठे कोणते काम झाले, भिंत उघडल्यावर आत काय सापडले, हे तीत नोंदले जाई. पाथरवट, सुतार, लोहार, काचकाम करणारे अशा कारागिरांच्या लोप पावलेल्या विद्या पुन्हा शिकवून तयार कराव्या लागल्या. व्हियोले-ल-द्युक स्वतः परांचीवर चढून कारागिराच्या हातातील छिन्नी घेत आणि पूर्ण मापाचे रेखाटन तेथल्या तेथे करून देत. मुख्य द्वाराचा कापलेला खांब पुन्हा उभा राहिला. अठ्ठावीस राजे नव्याने घडविले गेले. आतील बाजूच्या पूजास्थानांच्या भिंती रंगविल्या गेल्या, दिवे, वेदी, लोखंडी कठडे आणि पूजेची पात्रे यांचे नमुनेही त्यांनीच काढून दिले. देवळाचे बाहेरचे रूप आणि आतील सामानसुमान ही एकाच शरीराची अंगे होत, अशी त्यांची धारणा होती. ३१ मे १८६४ रोजी त्या चर्चचे विधिपूर्वक पुनःसमर्पण झाले.

छपरावर त्यांनी १८५९ साली नवे शिखर उभे केले. ओक लाकडाचा सांगाडा आणि वर शिशाचे पत्रे, जमिनीपासून ९६ मीटर उंच. ते जुन्या शिखराहून उंच आणि अधिक नक्षीदार होते. त्याच्या पायथ्याशी तांब्याचे सोळा पुतळे उभे केले: येशूचे बारा शिष्य आणि चार शुभवर्तमानकारांची चार चिन्हे. त्यांतील संत थॉमस हा स्थापत्यविशारदांचा रक्षक मानला जातो. त्या पुतळ्यास त्यांनी स्वतःचा चेहरा दिला. इतर सारे शहराकडे पाहतात. हा एकटा मागे वळून शिखराकडे पाहतो. मनोऱ्यांच्या सज्जावरील जे विचित्र प्राणी आज सगळ्या जगास मध्ययुगीन वाटतात, तेही बव्हंशी त्यांच्याच कल्पनेतून निघालेले आहेत.

एवढी कामे अंगावर असता त्यांनी केलेले लेखन पाहिले म्हणजे मन थक्क होते. अकराव्या ते सोळाव्या शतकातील फ्रेंच स्थापत्याचा कोश त्यांनी १८५४ ते १८६८ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील हजारो आकृत्या त्यांच्याच हातच्या. कमान का उभी राहते, पावसाचे पाणी भिंतीपासून दूर कसे टाकतात, वासा वाशात कसा अडकवितात, हे त्यांनी सामान्य वाचकास कळेल असे उलगडून दाखविले. दुसरा सहा खंडांचा कोश १८५८ ते १८७५ या काळातील, घरातील सामानाविषयीचा. पेट्या, पलंग, दिवे, भांडी, वस्त्रे, दागिने, शस्त्रे यांची माहिती देताना ही वस्तू घरात कोठे असे, कोण वापरी, तिच्याभोवती दिवस कसा जाई, हेही ते सांगतात. रिकाम्या दालनास त्यांनी त्यातील माणसे परत मिळवून दिली. मुलांसाठी एका घराची आणि एका किल्ल्याची कथाही त्यांनी लिहिली.

१८४९ साली मेरिमे व व्हियोले-ल-द्युक यांनी मिळून देशातील चर्चांची निगा कशी राखावी याविषयी एक सरकारी सूचनापत्र तयार केले होते. कचेरीतल्या माणसास त्याचे विशेष कौतुक वाटते. पाण्याचा निचरा, छपराची देखभाल, दगडाची निवड अशा साध्या बाबी त्यात आहेत. ज्या वास्तूची नित्य देखभाल होते तिला जीर्णोद्धाराची पाळी क्वचितच येते, हे त्यातील सार होय.

आता त्यांच्या चुकांकडे वळले पाहिजे. १८६६ साली आपल्या कोशाच्या आठव्या खंडात त्यांनी जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांच्या मते जीर्णोद्धार म्हणजे नुसती डागडुजी नव्हे किंवा पुन्हा बांधणेही नव्हे, तर वास्तू अशा परिपूर्ण अवस्थेस नेणे, जी अवस्था पूर्वी कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्षात नसेलही. मूळ कारागीर आज असता तर त्याने काय केले असते, हे आपल्याला अभ्यासाने कळते, असा त्यांचा विश्वास होता. अभ्यास अफाट असल्यामुळे तो विश्वास पुष्कळदा खरा ठरला. परंतु अभ्यास कोठे संपतो आणि आपली हौस कोठे सुरू होते, ही सीमारेषा त्यांना नेहमीच दिसली असे म्हणता येत नाही.

प्येरफाँ येथील किल्ला १६१७ साली राजाज्ञेने पाडण्यात आला होता आणि तेव्हापासून तो भग्नावस्थेत होता. सम्राट तिसरा नेपोलियन याच्या इच्छेवरून १८५८ च्या सुमारास तेथे काम सुरू झाले. प्रथम फक्त एक भाग दुरुस्त करावयाचा होता. पण पुढे सम्राटास तेथे राहण्याजोगा महाल हवा झाला. व्हियोले-ल-द्युक यांनी बुरूज, दालने, भिंतींवरील चित्रे, खांबांवरील पशुपक्षी, सारे मनासारखे रचले. पाहणाऱ्यास भूल पडावी असे ते झाले. पण त्यातील पुष्कळसे चौदाव्या शतकाचे नसून एकोणिसाव्या शतकातील एका प्रतिभावंताचे स्वप्न आहे.

दक्षिणेतील कार्कासॉन या तटबंदीच्या नगराची कथा निराळी. दुहेरी तट, सुमारे पन्नास बुरूज, आणि १८४९ साली सरकारने ते संरक्षणाच्या यादीतून काढून टाकलेले. दगडासाठी तट फोडला जाणार होता. स्थानिक इतिहासप्रेमींनी आरडाओरड केली, मेरिमे यांनी जोर लावला आणि १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक यांनी दुरुस्ती हाती घेतली. त्यांच्यावाचून ते नगर आज राहिले नसते. पण बुरुजांवर त्यांनी उत्तरेकडील पद्धतीची, पाटीच्या दगडाची टोकदार छपरे चढविली. त्या उन्हाळी मुलखात उतरती कौलारू छपरे असत, असा आक्षेप आला. विसाव्या शतकात काही बुरुजांवरील छपरे बदलून कौलारू करण्यात आली. तुलूझ येथील सें-सेर्नँ चर्चचे छप्परही त्यांनी आपल्या मताप्रमाणे बदलले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सरकारने पुष्कळ वादविवादानंतर ते बदल काढून टाकले आणि त्यांच्यापूर्वीचे रूप परत आणले. जीर्णोद्धाराचाच जीर्णोद्धार करण्याची पाळी आली.

इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ सालीच असल्या जीर्णोद्धाराविरुद्ध शस्त्र उपसले होते. वास्तूवरील काळाच्या खुणा हीच तिची संपत्ती असून त्या पुसणे म्हणजे वास्तूचा नाश करणे होय, असे त्यांचे म्हणणे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली पुरातन इमारतींच्या रक्षणासाठी लंडनमध्ये संस्था स्थापन केली, ती याच विचाराने. हा वाद जवळजवळ शंभर वर्षे चालला. १९६४ साली व्हेनिस येथे जगातील तज्ज्ञांनी एक सनद संमत केली. तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे आणि केलेल्या प्रत्येक कामाची सविस्तर नोंद सार्वजनिक दप्तरात ठेवावी, असे तीत सांगितले आहे. यांतील पहिल्या नियमाचा भंग व्हियोले-ल-द्युक यांच्या हातून पुष्कळदा झाला. दुसरा नियम मात्र त्यांनी एक शतक आधी, कोणी न सांगता पाळला होता.

उत्तरायुष्यात त्यांच्या वाट्यास मानहानीही आली. १८६३ साली सरकारने त्यांना त्याच एकोल दे बोझारमध्ये प्राध्यापक नेमले, जिच्यात विद्यार्थी म्हणून जाण्याचे त्यांनी नाकारले होते. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून व्याख्याने होऊ दिली नाहीत आणि थोड्याच महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. १८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा वयाच्या छपन्नाव्या वर्षी ते अभियंत्यांच्या पथकात अधिकारी होऊन तटावर राबले. साम्राज्य बुडाले, आश्रयदाता सम्राट गेला. मग त्यांचे मन आल्प्स पर्वतात रमले. एखाद्या भग्न वास्तूचे करावे तसे त्यांनी माँ-ब्लाँ पर्वताचे मोजमाप घेतले आणि १८७६ साली त्याचा नकाशा व ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासाठी शिल्पकार बार्तोल्दी यांचे ते आरंभीचे सल्लागार होते. ते निवर्तल्यावर आतील सांगाड्याचे काम आयफेल यांच्याकडे गेले. देशातील शिल्पांचे साचे घेऊन त्यांचे संग्रहालय पॅरिसमध्ये करावे ही त्यांची सूचना मान्य झाली. ते १८८२ साली उघडले, पण ते पाहावयास ते राहिले नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील कॅथेड्रलच्या दुरुस्तीचे काम चालू असता १७ सप्टेंबर १८७९ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले. नवल असे की, ज्याने आयुष्य देवघरे सावरण्यात वेचले तो स्वतः फारसा धार्मिक वृत्तीचा नव्हता. त्याची श्रद्धा कारागिराच्या हातावर होती.

चरित्र येथे संपावयास हवे. पण त्याचा शेवटचा अध्याय एकशे चाळीस वर्षांनी घडला. १५ एप्रिल २०१९ रोजी सायंकाळी नोत्र दामच्या छपरास आग लागली. मध्ययुगीन वाशांचे सारे जंगल जळाले आणि व्हियोले-ल-द्युक यांचे शिखर साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत कोसळले. शिखराच्या दुरुस्तीसाठी तांब्याचे ते सोळा पुतळे अवघ्या चार दिवसांपूर्वी, ११ एप्रिल रोजी, खाली उतरविले होते, म्हणून ते बचावले. नवे शिखर कसे असावे यावर वाद झाला. कोणी काचेचे सुचविले, कोणी आणखी काही. अखेर २०२० साली ठरले की, जसे होते तसेच उभारावे. हे शक्य झाले, कारण व्हियोले-ल-द्युक यांची रेखाटने जपलेली होती. जुन्या वाशांचेही मोजमाप आगीच्या पाच वर्षे आधी, २०१४ साली, दोन स्थापत्यविशारदांनी वर चढून हाताने घेऊन ठेवले होते. त्या कागदांवरून सुतारांनी पुन्हा ओक तासला आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी चर्चची दारे पुन्हा उघडली.

आणखी एक घटना सांगण्यासारखी आहे. १९७७ साली पॅरिसमधील एका हवेलीच्या आवारात खोदकाम चालू असता १७९३ साली उडविलेल्या त्या राजांपैकी एकवीस मस्तके मातीत सापडली. ती आता क्लूनी संग्रहालयात आहेत. नवे राजे घडविताना व्हियोले-ल-द्युक यांच्यापुढे ती नव्हती. आज मात्र अस्सल मस्तके आणि त्यांनी घडविलेले राजे कोणासही ताडून पाहता येतात. नवे कोणते आणि जुने कोणते याचा घोळ होत नाही, कारण नवे केल्याची नोंद आहे.

माझ्या मते या आयुष्याचा बोध हा असा आहे. चूक कोणाच्याही हातून होईल. मोठ्यात मोठ्या विद्वानाच्या हातून झाली. परंतु आधी काय होते याची नोंद ठेवून केलेली चूक पुढील पिढी सुधारू शकते. नोंद न ठेवता केलेले चांगले कामही पुढच्यांना आंधळे करून जाते.

आपल्या गोमंतकातही या दिशेने चांगली उदाहरणे घडली आहेत. साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणारे कुर्डीचे महादेवाचे पुरातन देऊळ दगड-दगड सुटे करून दुसऱ्या जागी पुन्हा उभे करण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेल्या नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचे जुने रूप राखून केलेले काम २०२३ साली पूर्ण झाले. दुसऱ्या बाजूस, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगात कोरलेली कावीची चित्रे किती देवळांच्या भिंतींवरून नाहीशी झाली, हे प्रत्येक महाजनाने आपापल्या स्मरणात शोधावे.

शेवटी एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या श्रींच्या चौकाचे काम झाले, तेव्हा प्रस्तुत लेखक समितीचा चिटणीस होता. जुने कोरीव लाकडी खांब काढले. वाळवी लागली होती. काढणे भागच होते, आणि त्याबद्दल आज कोणास दोष देण्याचे कारण नाही. पण खांब किती होते, त्यांवर काय कोरले होते, तुळईवर रंगविलेली चित्रे कोणत्या प्रसंगाची होती, हे कोणीही लिहून ठेवले नाही, छायाचित्रही घेतले नाही. त्या सभेचे इतिवृत्त माझ्याच हातचे आहे. त्यात एवढेच एक वाक्य आहे की, जुने लाकूडकाम काढून टाकण्यात आले. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढविल्यावाचून पुढे न पाठविणाऱ्या माणसाने श्रींच्या घरातील चार पिढ्यांच्या कामासाठी एक ओळ खर्च केली. परवा नातवाने विचारले, आजोबा, खांबांवर मोर होते की हंस? मला सांगता आले नाही.

म्हणून आता सभामंडपाला हात लागण्यापूर्वी समितीपुढे नम्र विनंती आहे. प्रत्येक खांबाचे, तुळईचे, दाराच्या चौकटीचे आणि भिंतीचे माप घ्यावे व छायाचित्र काढावे. समया, मखर, पालखी, जुने झुंबर यांची यादी करावी. वयोवृद्ध महाजनांना व सेवेकऱ्यांना विचारून कोणती जागा कोणत्या उत्सवात कशी वापरतात हे लिहून घ्यावे. जे काढावे लागेल त्यातील एक तरी नमुना जपून ठेवावा. काम चालू असता रोजची नोंद ठेवावी आणि तिची एक प्रत देवस्थानच्या कपाटात व एक पुराभिलेख खात्यात द्यावी. यास फारसा खर्च नाही. लिहिण्याचे काम करावयास कोणी न मिळाल्यास, डोळे साथ देतात तोवर प्रस्तुत लेखक हजर आहे. मागची एक ओळ भरून काढण्याची तेवढी संधी श्रींनी द्यावी, हीच चरणी प्रार्थना.